खारीचा कापूस आणि मामाचा कॅम्पर

एक होती व्हॅन.

व्हॅन कसली, नुसतं डबडं! रंग पांढरा होता म्हणे. कोणी सांगितलं तरच कळायचा. कडुनिंबाखाली उभी म्हणजे उभीच. पुढे नाही, मागे नाही. वरून निंबोळ्या पडायच्या. टप! टप! टप!

व्हॅन होती दिगूमामाची. पण तिच्यात राहायचं कोण? झुपकी खार!

व्हॅनच्या मागच्या सीटला होतं एक भोक. भोकात होता कापूस. झुपकीनं शेतातून आणलेला, बोंडाबोंडातून वेचलेला, दातांनी पिंजलेला. मऊ मऊ. उबदार. आणि त्या कापसात होतं झुपकीचं पिल्लू. एवढंसं! अंगठ्याएवढं. त्याचं नाव बोंडू.

बोंडूला काम एकच. झोपायचं.

एके दिवशी सकाळी दिगूमामा आला. हातात पाना, डोक्यात खूळ.

"या व्हॅनचा मी कॅम्पर करणार!" मामा म्हणाला.

कॅम्पर म्हणजे काय? म्हणजे गाडीतच घर. गाडीत गादी, गाडीत पडदा, गाडीत चहाची किटली. जायचं डोंगरावर, थांबायचं नदीकाठी, आणि झोप आली की मागे जाऊन मस्त ताणून द्यायची. मामाला डोंगर आवडतो. नदी आवडते. पण खरं सांगू? मामाला ताणून द्यायलाच जास्त आवडतं.

मामानं पाना फिरवला. कर्र कर्र! कर्र कर्र! सीट सुटली. धप्प!

झुपकी घाबरली. तिनं बोंडूला तोंडात धरलं आणि तुरुतुरु तुरुतुरु, झुप्प! थेट झाडावर.

सीट गेली गफूरचाचाकडे. सीटमधला कापूसही गेला गफूरचाचाकडे. मामाला काय माहीत, तो कापूस कोणाचा!

झाडाच्या ढोलीत नुसतं लाकूड. टणक टणक. खरखरीत. झुपकीनं बोंडूला या कुशीवर निजवलं. बोंडू उठला. त्या कुशीवर निजवलं. बोंडू उठला. पोटावर निजवलं. तरी उठला.

"चीं चीं! टोचतंय!"

"झोप रे माझ्या राजा."

"चीं चीं! टोचतंय!"

बोंडूचे डोळे मिटायला आले होते. मान डुलत होती. पण झोप काही लागेना. झुपकीचा जीव कळवळला. आई ना ती!

"थांब बाळा. आपला कापूस मी घेऊनच येते," झुपकी म्हणाली. "चिमूटभर तर हवाय!"

आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, झुप्प!

अंगणाच्या कोपऱ्यात बसला होता गफूरचाचा. गफूरचाचा गाद्या करतो. हातात कापूस पिंजायची धनुकली. टंग टुंग! टंग टुंग! भुवईत कापूस, दाढीत कापूस. दाढी कुठे संपते आणि कापूस कुठे सुरू होतो, हे चाचालाही ठाऊक नाही.

चाचाशेजारी होता कापसाचा ढीग. ढिगावर चादर. चादरीवर दगड. हा ढीग होता मामाच्या गादीचा, आणि याच ढिगात होता झुपकीचा कापूस.

झुपकी म्हणाली,

"चाचा, चाचा, कापूस दे!
कापूस नाही, म्हणून बोंडू झोपेना.
दे ना रे, दे!"

"आत्ता नाही, बेटी," चाचा म्हणाला. "चादर उचलली की वारा येणार. वारा आला की कापूस उडणार. मग दिगूमामा माझी दाढीच पिंजून गादीत भरेल! कापसाला आधी खोळ पाहिजे. खोळ आली की चादर काढतो. तुझा कापूस तुला देतो. आधी खोळ, मग कापूस!"

"खोळ कोण शिवतं?"

"कुंदाताई!"

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, झुप्प!

ओट्यावर बसली होती कुंदाताई. पुढे शिवणाचं मशीन. खडखड खडखड! खडखड खडखड! तोंडात टाचण्या. म्हणून ताई कशी बोलायची? "म्म म्म म्म!"

झुपकी म्हणाली,

"ताई, ताई, खोळ शिव!
खोळ नाही, म्हणून चाचा कापूस देईना.
कापूस नाही, म्हणून बोंडू झोपेना.
शिव ना गं, शिव!"

"म्म म्म म्म!" ताई म्हणाली.

"काय?"

ताईनं टाचण्या काढल्या. "शिवते की! पण केवढी शिवू? मोठी शिवू? छोटी शिवू? मागे मामाचा लेंगा मी अंदाजानं शिवला. आता तो खिडकीला पडदा म्हणून लावलाय. तो बघ!"

झुपकीनं पाहिलं. खिडकीला लेंगा होता. दोन पायांचा पडदा, वाऱ्यावर हलत होता. फडफड फडफड!

"जेवढी फळी, तेवढी खोळ," ताई म्हणाली. "मामा ज्या फळीवर झोपणार, ती आण बघू. आधी फळी, मग खोळ!"

"फळी कोण कापतं?"

"म्म म्म म्म!" ताईनं पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या होत्या. पण बोट दाखवलं. तिकडे होता दगडूकाका.

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, झुप्प!

दगडूकाका म्हणजे सुतार. नाव दगडू, काम लाकडाचं! काका सगळीकडे शोधत होता. फळीखाली पाहिलं. करवतीखाली पाहिलं. टोपीत पाहिलं.

"माझी पेन्सिल कुठे गेली?"

"कानावर आहे, काका!"

"अरे हो की!"

झुपकी म्हणाली,

"काका, काका, फळी काप!
फळी नाही, म्हणून ताई खोळ शिवेना.
खोळ नाही, म्हणून चाचा कापूस देईना.
कापूस नाही, म्हणून बोंडू झोपेना.
काप ना रे, काप!"

"एवढंच ना?" काका म्हणाला. "मऊ मऊ हवंय ना? मग हा घे भुसा!"

काकानं झुपकीला मूठभर भुसा दिला. ताजा ताजा. करवतीचा. झुपकी खूश! भुसा घेऊन झाडावर गेली. ढोलीत पसरला. बोंडूला वर निजवलं.

"आक्छीं!"

भुसा उडाला. अर्धा झुपकीच्या डोळ्यांत, अर्धा खाली. खाली कोण होतं? दगडूकाका!

"आक्छीं!" काका म्हणाला.

झुपकी परत खाली आली. मिशांना भुसा, शेपटीला भुसा. "काका, भुसा नको. फळीच काप!"

"फळी कापीन गं," काका नाक पुसत म्हणाला, "पण केवढी कापू? लांब कापली तर लाकूड वाया. आखूड कापली तर मामाचे पाय लोंबणार. मामा आडवा झाला पाहिजे. डोक्यापासून पायापर्यंत माप घेतो, मग करवत चालवतो. आधी माप, मग फळी!"

"मामा कुठे आहे?"

"तो काय, बसलाय."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, झुप्प!

मामा बसला होता व्हॅनच्या पायरीवर. सकाळपासून काम केलं होतं ना! काय काय केलं? सीट काढली. मग बसला. मग आणखी थोडा बसला.

झुपकी म्हणाली,

"मामा, मामा, आडवा हो!
माप नाही, म्हणून काका फळी कापेना.
फळी नाही, म्हणून ताई खोळ शिवेना.
खोळ नाही, म्हणून चाचा कापूस देईना.
कापूस नाही, म्हणून बोंडू झोपेना.
हो ना रे, हो!"

आता तुम्हाला वाटेल, मामा लगेच आडवा झाला. झोपेचा एवढा भोक्ता माणूस! पण नाही.

"आडवा होऊ?" मामा म्हणाला. "चहा न घेता?"

"हो!"

"बिनचहाचा मी आडवा होत नसतो. पाठ टेकतच नाही. हे बघ."

मामानं पाठ टेकायचं नाटक केलं. टेकली नाही. परत केलं. टेकली नाही.

"बघितलंस? आधी चहा, मग आडवा!"

आपण काय करतो? उठतो आणि दूध पितो. मोठी माणसं काय करतात? उठतात आणि चहा पितात. दिगूमामा मात्र चहा पितो आणि झोपतो. असतो एकेक जण!

"चहा कोण करतं?"

"तुझी मामी! पण सकाळपासून मागतोय. करतच नाही. का करत नाही, कोण जाणे!"

झाडावरून आवाज आला. "चीं... चीं..." आवाज अगदी बारीक झाला होता. बोंडू रडून रडून दमला होता. झुपकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं शेपटीनं डोळे पुसले.

आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, झुप्प!

स्वयंपाकघरात बसली होती शेवंतामामी. हाताची घडी, नाकावर राग. चुलीवर पातेलं नाही. पातेल्यात पाणी नाही. आणि माठ? माठ तर पालथा घातलेला!

झुपकीनं मोठा श्वास घेतला. झुपकी म्हणाली,

"मामी, मामी, चहा कर!
चहा नाही, म्हणून मामा आडवा होईना.
माप नाही, म्हणून काका फळी कापेना.
फळी नाही, म्हणून ताई खोळ शिवेना.
खोळ नाही, म्हणून चाचा कापूस देईना.
कापूस नाही, म्हणून बोंडू झोपेना.
कर ना गं, कर!"

"चहा?" मामी म्हणाली. "कॅम्पर झाल्याशिवाय चहा नाही! तुझा मामा सकाळी काय म्हणाला? 'अगं, मी कॅम्पर करतोय!' म्हटलं, वा वा! मग मी मुळी पाणीच भरलं नाही. माठ पालथा घातला. म्हटलं, आता येऊ दे कॅम्पर. आधी कॅम्पर, मग चहा!"

झुपकी मटकन खाली बसली.

कॅम्पर झाला की चहा होणार. पण कॅम्पर कधी होणार?

झुपकी पुटपुटायला लागली. "कॅम्पर नाही, म्हणून मामी चहा करेना. चहा नाही, म्हणून मामा आडवा होईना. माप नाही, म्हणून काका फळी कापेना. फळी नाही, म्हणून ताई खोळ शिवेना. खोळ नाही, म्हणून चाचा कापूस देईना. कापूस नाही, म्हणून गादी होईना. गादी नाही, म्हणून कॅम्पर होईना. कॅम्पर नाही, म्हणून मामी चहा करेना. चहा नाही, म्हणून मामा..."

अरे! हे तर परत तेच!

झुपकी गोल गोल फिरली. स्वतःच्याच शेपटीमागे. गोल गोल, गोल गोल! फिरून फिरून धप्पकन बसली.

"थांब थांब थांब," मामी म्हणाली. "काय म्हणालीस? गादी?"

"हो. गादी."

"कॅम्परला गादी?"

"हो. मऊ मऊ गादी."

मामीनं कपाळाला हात लावला. "अगं वेडे! कॅम्परला कोणी गादी घालतं का? कॅम्पर म्हणजे तो निळा! गोल! झाकण वर, तोटी खाली. लग्नात असतो बघ मांडवाच्या कोपऱ्यात. तोटी दाबली की थंडगार पाणी. सुर्र!"

झुपकीचे कान ताठ झाले. शेपूट ताठ झाली.

"मामी! पाण्याचा कॅम्पर नाही!"

"मग कशाचा?"

"झोपायचा!"

"झोपायचा कॅम्पर?"

"मामा व्हॅनमध्ये गादी टाकणार! पडदा लावणार! डोंगरावर नेणार, नदीकाठी थांबणार, आणि सगळे व्हॅनमध्ये झोपणार. त्याला म्हणतात कॅम्पर!"

मामीनं डोळे मोठे केले. मग मामीचं पोट हललं. मग खांदे हलले. मग मामी हसायला लागली. खो खो खो! हसता हसता पदर डोळ्यांना.

"अगं बाई! आणि मी सकाळपासून तहानलेली बसलेय! म्हटलं, हे काय कर्र कर्र करतायत? तोटी बसवत असतील!"

मामीनं खिडकीतून हाक मारली. "अहो! कॅम्पर म्हणजे झोपायचा होय?"

"मग कशाचा?" बाहेरून मामा ओरडला.

"मला वाटलं पाण्याचा!"

बाहेर सगळे हसले. खो खो खो! ताईच्या तोंडातल्या टाचण्या पडल्या. काकाची पेन्सिल पडली. चाचाच्या दाढीतला कापूस उडाला.

झुपकी मात्र हसली नाही. तिचं सगळं लक्ष झाडाकडे.

मामीच्या ते लक्षात आलं. मामी पटकन उठली. माठ सुलटा केला. बादली घेतली, पाणी आणलं. बुडुक बुडुक, माठ भरला. आधी स्वतः प्यायली. घट घट घट! मग पातेल्यात पाणी, पाण्यात साखर, साखरेवर चहा, वरून आल्याचा तुकडा. खळखळ खळखळ!

आणि मग?

चहा झाला, मामा प्यायला. फुर्र फुर्र! चहा पोटात गेला, मामा आडवा झाला. इतका लगेच झाला की कप हातातच राहिला.

मामा आडवा झाला, काकानं माप घेतलं. डोक्यापासून पायापर्यंत. माप मिळालं, काकानं फळी कापली. खर्र खर्र! खर्र खर्र!

फळी मिळाली, ताईनं खोळ शिवली. खडखड खडखड!

खोळ मिळाली, चाचानं चादर काढली. कापूस भरायला घेतला. मूठ मूठ कापूस खोळीत. भस्स भस्स! भस्स भस्स!

झुपकी बघत होती. ढीग छोटा झाला. आणखी छोटा झाला. पाटीएवढा झाला. ताटलीएवढा झाला. झुपकी आणखी जवळ सरकली. चाचा विसरला की काय? शेवटची मूठ... तीही गेली खोळीत. भस्स!

ढीग संपला.

"चाचा!" झुपकी म्हणाली.

चाचा हसला. त्यानं डोक्यावरची टोपी उचलली. टोपीखाली काय होतं? कापूस! मऊ मऊ. पांढरा पांढरा.

"पहिली मूठ तुझीच काढली, बेटी," चाचा म्हणाला. "उडू नये म्हणून टोपीखाली ठेवली. तुझा कापूस मी ओळखला बघ. यात दातांच्या खुणा आहेत. घे, तुझं तुला!"

चिमूटभर मागितला होता. मूठभर मिळाला!

झुपकीनं कापूस तोंडात धरला. गाल फुगले. मिशा दिसेनात. तुरुतुरु तुरुतुरु, झुप्प! झाडावर गेली. बोंडूला उचललं. तुरुतुरु तुरुतुरु, झुप्प! खाली आली.

व्हॅनमध्ये मामाची फळी बसली होती. फळीखाली होता एक कोपरा. अंधारा, छोटासा, खारीला पुरेल एवढा. झुपकीनं तिथे कापूस पसरला. पायांनी खड्डा केला. खड्ड्यात ठेवला बोंडू.

बोंडू म्हणाला, "चीं."

मग म्हणाला, "ची..."

मग काही म्हणालाच नाही. एकदा हुंदका दिला, अंगाचं मुटकुळं केलं आणि झोपला.

झुपकीनं त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की काय सांगू!

इकडे फळीवर गादी आली. गादीवर मामा चढला. आणि सगळ्यांनी पाहिलं, मामाचे पाय मागच्या दारातून बाहेर! फळीही बाहेर. गादीही बाहेर. दार काही लागेना.

"दगडू!" मामी म्हणाली. "हे कसलं माप?"

काकानं डोकं खाजवलं. "माप मामाचं घेतलं. गाडीचं घ्यायचं राहिलं."

"असू दे, असू दे," मामा म्हणाला. "पायांना वारा लागतो. छान लागतो!"

ताई पळत घरात गेली. खिडकीचा लेंगा काढून आणला आणि दाराच्या जागी टांगला. मामाचा एक पाय या पायातून, दुसरा पाय त्या पायातून. आता कसं झाकपाक झालं!

झाला कॅम्पर तयार. मामीनं किटली ठेवली. चाचा बसला, काका बसला, ताई बसली. मामी पुढे बसली. मामा बसला गाडी चालवायला.

"चला डोंगरावर!" मामा म्हणाला आणि त्यानं किल्ली घातली.

तुरुतुरु तुरुतुरु, झुप्प! झुपकी स्टिअरिंगवर.

"मामा, मामा, किल्ली काढ!"

"का गं?"

"किल्ली फिरली, की गाडी हलणार. गाडी हलली, की बोंडू उठणार. आत्ताच झोपलाय तो."

"अगं, पण डोंगर? नदी?"

झुपकीनं हाताची घडी घातली. अगदी मामीसारखी. झुपकी म्हणाली,

"आधी झोप, मग डोंगर!"

मामानं मामीकडे पाहिलं. मामीनं ताईकडे. ताईनं काकाकडे. काकानं चाचाकडे. सकाळपासून सगळे हेच तर म्हणत होते.

मामानं किल्ली काढली. मामी हळूच म्हणाली,

"बोंडू उठेना, म्हणून गाडी हलेना.
गाडी हलेना, म्हणून डोंगर येईना.
डोंगर येईना, म्हणून... अहो! आता आपण काय करायचं?"

मामा केव्हाच मागे गेला होता. गादीवर आडवा! बिनचहाचा! पाठ कशी टेकली, विचारू नका. घुर्र... घुर्र...

मग चाचाला जांभई आली. चाचाची बघून काकाला आली. काकाची बघून ताईला. ताईची बघून मामीला.

वर गादीवर मामा. खाली कापसात बोंडू. मोठा घोरतो घुर्र घुर्र, छोटा घोरतो फू फू. आणि झुपकी? तिनं शेपूट बोंडूवर पांघरली आणि तीही डोळे मिटून पडली.

डोंगर थांबलाय. नदी थांबलीय. बोंडू उठला की गाडी निघेल.

तोवर शू...! पुस्तक हळूच मिटा.